गोगलगाईचा चारा

'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण आपण लहानपणी शिकतो आणि पुढे आयुष्यभर माणसांना लावत राहतो. वरून गरीब दिसणारा, आतून मात्र पक्का, असा कोणी भेटला की ती हमखास आठवते. वर्गात म्हणीच्या अर्थावर चर्चा होते. तिच्यातल्या प्राण्याकडे कोणी वळत नाही. वास्तविक प्राण्याविषयी म्हणीने सांगितलेली गोष्ट तंतोतंत खरी आहे. प्राणिशास्त्र ज्या वर्गाला 'गॅस्ट्रोपोडा' म्हणते, त्या ग्रीक शब्दांच्या जोडणीचा अर्थ 'पोट हाच ज्याचा पाय' असा. मराठी परिभाषेत 'उदरपाद'. युरोपातल्या पंडितांनी ग्रीक शब्द जुळवून जे नाव घडवले, ते आपल्या आज्यापणज्यांनी यमकात बसवून ठेवलेले होते. फरक इतकाच, की पंडितांनी ते वर्णन म्हणून वापरले आणि आपण आरोप म्हणून.

ह्या लेखात मात्र आम्हांला पायाविषयी लिहायचे नाही, गाईविषयी लिहायचे आहे. गोगलगाईच्या नावात गाय कशी आली ह्याचा निवाडा व्युत्पत्तिकारांनी करावा. गेली काही वर्षे आम्ही उभयता मोरगावी, समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरवर, खाऱ्या पाण्याच्या एका टाकीत शेवाळ खाणाऱ्या सागरी गोगलगाई जगवत आलो आहोत. त्या जगवताना नावातल्या ह्या गाईने आम्हांला पुस्तकांइतकेच शिकवले, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मोरगावी समुद्र अगदीच अनोळखी आहे असे नाही; निदान नावाने तो इथे आहे. मयूरेश्वराने ज्या असुराचा वध केला त्याचे नाव सिंधू. सूर्याकडून मिळालेले अमृत त्याने पोटात जपून ठेवले होते आणि ते तिथे असेतो त्याला मरण नव्हते, अशी कथा सांगतात. कऱ्हेच्या काठी सापडणारी ज्वालामुखीची राख तर इंडोनेशियातल्या टोबाची आहे असे भूशास्त्रज्ञ म्हणतात. ती नेमक्या कोणत्या उद्रेकाची, ह्यावर त्यांच्यात वाद आहे. म्हणजे समुद्र ओलांडून इथवर येणारे आम्ही पहिले नव्हे. तरीही सिंधूचा जिथे वध झाला त्याच गावात त्याला पुन्हा घरात घेतल्याबद्दल आमची थट्टा होते, आणि ती आम्ही आनंदाने ऐकून घेतो.

मिठाचे मात्र तसे नाही. बारामतीच्या मातीला मीठ ठाऊक आहे ते शाप म्हणून. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला, उसाला पाणी मिळाले, आणि निचरा न होणाऱ्या खोलगट जमिनी पुढे क्षारपड होत गेल्या. पुण्याच्या शेती महाविद्यालयातल्या हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हणे ह्यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खारावलेल्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. मोरगाव, सुपे हा तालुक्याचा जिरायत पट्टा. त्या कालव्याचे पाणी इथवर आले नाही, त्यामुळे त्याचे मीठही आले नाही. जे मीठ शेजारच्या गावांत लोक जमिनीतून धुऊन काढू पाहतात, ते आम्ही मोजून पाण्यात घालतो. लिटरला पस्तीस ग्रॅम ह्या हिशेबाने दोनशे लिटरला सात किलो. त्याआधी बोअरच्या जड पाण्यातले सारे क्षार शुद्धियंत्रातून काढून टाकायचे, मग समुद्राचे क्षार घालायचे. घनता १.०२५, उष्णता चोवीस ते सव्वीस अंश. आधी पुसायचे आणि मग लिहायचे, असा हा प्रकार आहे.

टाकीला आम्ही सवयीने 'प्रवाळाची टाकी' म्हणतो; पण तिच्यात टणक सांगाड्याचा एकही प्रवाळ नाही. २००१ साली अशा सर्व प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, आणि ते योग्यच झाले. आमच्याकडे आहेत ते सच्छिद्र खडक, वाळू, दोन छोटे मासे आणि गोगलगाई. नाटक प्रवाळभित्तीचे, पण नायकावाचून चाललेले.

शेवाळ आपोआप येते. नव्या टाकीच्या काचेवर प्रथम तपकिरी धूळ बसल्यासारखे दिसते, पुढे हिरवा थर येतो, खडकांवर केसांसारखे तंतू वाढतात. कालिदासाच्या शकुंतलेला वल्कलात पाहून दुष्यंताला शैवलाने वेढलेले कमळ आठवले होते, आणि शैवलामुळे कमळाचे काही बिघडत नाही असा त्याचा अभिप्राय होता. मराठीत येईतो शैवलाचे शेवाळ झाले आणि त्याच्या वाट्याला साचलेपणा व घसरडेपणा एवढेच अर्थ उरले. टाकी ठेवणाऱ्या माणसाचे मतही असेच असते. त्याला काच स्वच्छ हवी असते, आणि त्यासाठी तो गोगलगाई आणतो.

ह्या व्यापारात गोगलगाईंना 'सफाई पथक' म्हणतात. इतक्या लिटरला इतक्या गोगलगाई, असे कोष्टकही दुकानात ऐकायला मिळते. हे नाव आजचे असले तरी त्यामागची कल्पना मत्स्यालयाइतकीच जुनी आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन ह्यांनी १८५० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका मोठ्या काचपात्रात त्यांनी दोन सोनमासे आणि पाणवनस्पती ठेवल्या. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील, अशी अटकळ होती. पण सडणाऱ्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्यांनी पाण्यात तळ्यातल्या गोगलगाई सोडल्या. त्यांनी सडके पान खाल्ले, पाणी निवळले, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, आणि ती लहानशी सृष्टी चालू लागली. तीनच वर्षांनी, १८५३ साली, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. म्हणजे मत्स्यालय ह्या कल्पनेच्या जन्माच्या वेळी गोगलगाय हजर होती. पण सोहळ्यात उष्टी काढणारी म्हणून.

आमच्याकडे ज्या आहेत त्यांना ट्रोकस म्हणतात. शंकूसारखा, भोवऱ्याच्या आकाराचा शंख, त्यावर तांबूस आणि पांढुरके पट्टे. दिवसा त्या खडकाच्या सावलीत पडून असतात. रात्री दिवा मालवला की काचेवर चढतात. तोंडात बारीक दातांच्या ओळी असलेली एक फीत असते; तिने काच खरवडत, मान डावी-उजवीकडे हलवत त्या पुढे सरकतात. सकाळी हिरव्या थरावर त्यांच्या चरण्याच्या नागमोडी रेघा दिसतात. मोडी लिपी वाचता येत नसलेल्या माणसाला जुने दप्तर जसे दिसेल, तशी ती काच दिसते. आमच्यातल्या एकाला मोडी येते. त्यालाही ती वाचता आलेली नाही.

ह्या जिवांना मरणाचे मार्ग अनेक. बाहेरच्या पाण्याशी शरीरातल्या पाण्याचा मेळ ठेवण्याची शक्ती त्यांच्यात बेताचीच, त्यामुळे नव्या पाण्यात एकदम सोडले तर त्या बंद होऊन पडतात. एकेक थेंब पाणी मिसळत तासदीड तास त्यांची ओळख करून द्यावी लागते. तांबे त्यांना विष. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर दिले जाणारे ताम्रयुक्त औषध माशाला वाचवते आणि गोगलगाईला मारते. ज्या गावात पूजेचे पाणी तांब्याच्या कलशात असते आणि ज्या भांड्याचे नावच 'तांब्या' आहे, तिथे ह्या गोष्टीवर लक्ष ठेवणे सोपे नाही. उताणी पडलेली गोगलगाय उलटू न शकल्याने मरते. ट्रोकस स्वतःला सावरते, पण अ‍ॅस्ट्रिया नावाच्या जातीला बहुधा हाताने सुलटे करावे लागते. शंखखेकडे केवळ शंखासाठी त्यांचा जीव घेतात. पाण्यातला चुना कमी पडला तर शंखाच्या कडा झिजतात.

आणखी एक मार्ग आहे, तो बाजारातून येतो. एका दुकानातून 'आपल्या हवेत टिकतील' अशा खात्रीने मिळालेल्या आठ गोगलगाई आमच्या टाकीत एका उन्हाळ्यात एकामागून एक गेल्या. पाण्याचे सारे आकडे बरोबर होते. त्यांचे नाव मार्गारिटा. ती जात उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या थंड पाण्यातली. पंचवीस अंशांचे पाणी म्हणजे तिच्यासाठी कायमचा ताप. त्या शेवाळ खात होत्या, हिंडत होत्या आणि मरत होत्या. अशा गोगलगाई उष्ण टाक्यांसाठी सर्रास विकल्या जातात, आणि हे चालते त्याचे कारण 'सफाई पथक' ह्या शब्दातच आहे. पथकातला एक गेला तर दुसरा भरती करता येतो. तो कोणत्या देशचा, त्याला काय सोसते, हे विचारण्याची रीत नसते.

पण ह्या साऱ्यांहून मोठे मरण उपासमारीचे, आणि ते सर्वांत कमी दिसते. शेवाळ संपते, काच लख्ख होते, मालक खूश होतो. आणि त्याच दिवसापासून गोगलगाय झिजू लागते. आठवडे जातात. ती एका जागी बसून राहते, मग काचेवरची पकड सुटून वाळूत पडते. काम इतके चांगले केले की त्यातच मेली, असा हा मृत्यू. मालकाच्या मनात त्याची नोंद 'आयुष्य संपले' अशी होते.

२०१८च्या पावसाळ्यात आमच्या टाकीची काच अशीच स्वच्छ झाली होती. शेजारच्या एक आजी, ज्यांनी जन्मभर गुरे राखली, दुधाचा हिशेब सांगायला आल्या होत्या. टाकीसमोर थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, गाया म्हणताय न्हवं ह्यांना? मग रान तर सगळं चरून झालं. आता खायाचं काय ह्यांनी?"

गोगलगाई उपाशी मरतात हे आम्ही पुस्तकांत वाचले होते. वाळवलेले सागरी शेवाळ, जे जपानी लोक भाताभोवती गुंडाळतात, त्याचे पुडके आमच्या कपाटात होते. पण आजींच्या प्रश्नाने सगळे प्रकरण एका वाक्यात दुसऱ्या भाषेत गेले. त्यांनी काच 'स्वच्छ' म्हटली नाही, 'चरून झाली' म्हटले. पाहिलेली वस्तू एकच. पण 'स्वच्छ' ह्या शब्दापाशी विचार थांबतो आणि 'चरून झाले' म्हटले की उद्याची चिंता सुरू होते. सफाई कामगाराची संख्या कचऱ्यावरून ठरते, गाईंची रानावरून. दोनशे लिटरला किती गोगलगाई हा प्रश्नच आम्हांला त्यानंतर चुकीच्या भाषेतला वाटू लागला. किती चौरस फूट काच आणि खडक, त्यावर आठवड्याला किती हिरवे उगवते, आणि तेवढ्यावर कितीजणींचे पोट भरते, असा विचार करता उत्तर चार आले. तेव्हापासून चारच आहेत.

त्याच्या पुढचा उन्हाळा २०१९चा. दुष्काळ होता. तालुक्याच्या जिरायत पट्ट्यात टँकर फिरत होते आणि राज्यात ठिकठिकाणी चारा छावण्या उघडल्या होत्या. मोरगावची कोरडी हवा, पारा चाळिशीजवळ, टाकीवर पंखा. रोज तीन-चार लिटर पाणी उडून जाई. मीठ उडत नाही, पाणी तेवढे उडते. म्हणून जितके उडाले तितके गोडे पाणी घालावेच लागते, नाहीतर समुद्र दाट होत जातो आणि गोगलगाई आधी मरतात. शुद्धियंत्र एक भाग पाणी देताना दोन-तीन भाग बाहेर टाकते. दारात टँकरची वाट पाहणाऱ्या बाया आणि घरात समुद्राची तहान, हे दृश्य आम्हांला सहज पेलण्यासारखे नव्हते. टाकलेले पाणी भांड्यांना आणि दारच्या कडुनिंबाला जात होते, एक थेंब वाया जात नव्हता. तरी प्रश्न उरतोच. चार गोगलगाईंसाठी हे करावे का? कोणी आम्हांला विचारले नाही. विचारले असते तर 'आणल्या आहेत, म्हणून' ह्यापलीकडे उत्तर नव्हते. छावणीत भाकड गाय घेऊन बसलेल्या माणसाचे उत्तरही ह्याहून फार वेगळे नसते, आणि त्याला ते कोणी विचारतही नाही.

तडजोड म्हणून आम्ही एक केले. दर पंधरवड्याला टाकीतले वीस लिटर पाणी बदलायची रीत आहे. ते त्या दोन महिन्यांत दहावर आणले. पाणी कमी बदलले की माशांच्या विष्ठेतले नत्र साठत जाते, आणि नत्र साठले की शेवाळ फोफावते. मे महिन्यात बाहेर माळ तांबडा-करडा पडलेला असताना आमची काच हिरवीगार होती. चारही गोगलगाई त्या उन्हाळ्यात जितक्या चरल्या तितक्या एरवी कधी चरल्या नसतील. बाहेर दुष्काळ तेव्हा आत सुकाळ, आणि बाहेर पाऊस चांगला, पाणी मुबलक, टाकी नितळ, तेव्हा आत दुष्काळ. जे आम्हांला समृद्धीचे चिन्ह वाटते ते त्यांच्या उपासाचे असू शकते, हे त्या वर्षी काचेवर लिहिलेले दिसले.

मराठीत ह्या कामासाठी शब्दांची वाण नाही. आपण कुत्रा पाळतो, नियमही पाळतो. त्या क्रियापदात शिस्त आहे. पोसतो म्हणताना खर्च आणि उपकार दोन्ही डोकावतात. 'ह्याला का फुकट पोसायचा' हे वाक्य त्यातूनच निघते. सांभाळतो म्हणताना जपणूक असते, पण मालकीही असते. जिरायत भागात सर्वांत जास्त वापरले जाणारे क्रियापद मात्र वेगळे आहे: जगवणे. झाड लावणे सोपे, जगवणे अवघड, हे इथल्या शेंबड्या पोराला कळते. 'जगणे'चे हे प्रयोजक रूप व्याकरणाच्या तासाला आपण सहज ओलांडून जातो. पण त्यात एक नम्रता आहे. जगण्याची क्रिया दुसऱ्याची. आपण फक्त ती घडेल असे पाणी, असे ऊन, असा चारा राखायचा. गोगलगाईला हात लावून तिच्यासाठी काहीच करता येत नाही. जे करायचे ते पाण्याला आणि काचेला.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना एडमंड गॉस हे नाव ठाऊक असते ते तोरू दत्त आणि सरोजिनी नायडू ह्यांच्या काव्यसंग्रहांना त्यांनी लिहिलेल्या प्रस्तावनांमुळे. त्यांचे वडील फिलिप हेन्री गॉस निसर्गशास्त्रज्ञ होते, आणि १८५४ सालच्या त्यांच्या मत्स्यालयावरच्या पुस्तकाने इंग्लंडात घरोघरी खाऱ्या पाण्याच्या टाक्या ठेवण्याचे वेड पसरवले. मुलाने १९०७ साली 'फादर अँड सन' लिहिले. बापलेकांच्या श्रद्धासंघर्षाचे पुस्तक म्हणून आपण ते शिकवतो. त्यात किनाऱ्याविषयीही एक विलाप आहे: बापाच्या पुस्तकांनी भारावलेल्या हौशी लोकांनी खडकांतली ती डबकी ओरबाडून रिकामी केली, आणि त्याच्या बालपणी जे सौंदर्य तिथे होते ते पुन्हा कोणाला दिसणार नाही. बापाचे प्रेम खरे होते, ह्याबद्दल मुलाला शंका नव्हती. तरी खडक उजाड झालेच.

हे आम्ही विसरू शकत नाही. बाजारात येणाऱ्या बहुतेक सागरी गोगलगाई आजही कुठल्या तरी खडकावरून उचललेल्याच असतात. कोकणच्या खडकांवर ओहोटीला नेरिटा नावाच्या छोट्या काळपट गोगलगाई शेकड्यांनी शेवाळ चरताना दिसतात. त्यांना पाहिले की आपल्या टाकीची गरज काय, असा प्रश्न पडतो. त्याचे पटण्यासारखे उत्तर आमच्याजवळ नाही. एवढेच ठरवले आहे, की ह्या चौघी आहेत तोवर टाकी चालेल आणि त्यांच्या जागी नव्या आणायच्या नाहीत. ट्रोकस नीट राहिली तर बरीच वर्षे जगते. तेव्हा हा निश्चय करून आम्ही काही मोठा त्याग केला असे मुळीच नाही.

समीक्षेत आपण शब्दाला फार महत्त्व देतो आणि मग एखादा व्यवहारी माणूस विचारतो, की शब्द बदलल्याने काय होते? गोगलगाईंपुरते आम्ही सांगू शकतो. एका शब्दाने त्या भरती करण्याजोग्या होतात आणि दुसऱ्याने चारण्याजोग्या. टाकीची मागची काच आता आम्ही कधीच पुसत नाही. पाहुणे येतात, समोरून लख्ख दिसणाऱ्या पाण्यामागे तो हिरवा-तपकिरी पडदा पाहतात आणि भिडेखातर गप्प बसतात. एखादा विद्यार्थी मात्र विचारतो, "सर, मागची काच राहिली का पुसायची?" तो चारा आहे, असे आम्ही सांगतो. शनिवारी रात्री वाळलेल्या शेवाळाचा एक तुकडा दगडाखाली दाबून ठेवतो. रविवारी सकाळी त्याच्या कडा कुरतडलेल्या असतात.